सकाळचं बिस्किट

सुनेत्राने नऊ तासांनी ऑफिसातून घरी येऊन बटण दाबलं, तेव्हा तिची इवलीशी कुत्री खारी पिंजऱ्यात सकाळचंच बिस्किट चघळत होती. बटण एकदा दाबलं की पिंजऱ्यात काळ थांबायचा, पुन्हा दाबलं की तिथूनच पुढे सुरू व्हायचा. खारीच्या लेखी मालकीण दार ओढून गेली ती लगेच परतली होती.

पिंजऱ्यावर भरवसा बसायला सुनेत्राला महिना लागला होता. आधी एक मिनिट, मग दहा, मग अख्खा दिवस.

"आता रडणं नाही की भुंकणं नाही. सुटलो बाई!" शेजारच्या खोतवहिनी दारातून म्हणाल्या.

सुनेत्रा हसली. पूर्वी कुलूप उघडेपर्यंत खारी आतून दार ओरबाडायची, मग झेप घेऊन तोंड चाटायची. आता तिने नुसती मान वर केली आणि पुन्हा बिस्किटात तोंड घातलं. या घरात वाट बघणारं दुसरं कोणी नव्हतं.

रविवारी सुनेत्राने खारीला पिंजऱ्यात ठेवलं, पण बटण दाबलं नाही. बाहेरून कुलूप लावून ती जिन्यातल्या पायरीवर बसली. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आतून बारीकसं कुंईकुंई सुरू झालं.

"आले गं, आले," ती पुटपुटली.

पण किल्ली मुठीत घट्ट धरून ती आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिली.