दुपारची भैरवी

लढाईचे दिवस, त्यात ब्लॅकआऊट, म्हणून अंजिराबाईंचा लावणीचा खेळ पौडात भर दुपारी लागला होता. मुळशी धरणाचे फोटो शत्रूला पाठवणारा हेर आज तंबूत बसणार, एवढीच खबर सरकारी साहेबांकडे होती. तो निसटला आणि धरणाला धक्का लागला, तर पौड धरून खालची सगळी गावं वाहून जायची. बरं, गडी मराठी अस्सल बोलतो, स्वतःला इथलाच म्हणवतो. ओळखायचा कसा, ते बाईंच्या गळ्यात. साहेबांनी त्यांच्या गजऱ्यात माइक खोवला आणि वर अक्कलही शिकवली, "प्रत्येकाला डोळा मारा. जो लाजेल तो आपला."

"साहेब, हितं लाजणारं कुणी येतच न्हाई," बाई वैतागून म्हणाल्या.

तरी पहिल्या लावणीत त्यांनी मान अवघडेपर्यंत डोळे मारले. दोनशेच्या दोनशे लाजले.

मग मात्र बाईंचं डोकंच फिरलं. पेटीवाल्याला खूण करून त्यांनी सरळ भैरवी धरली. लोक चक्रावले, कुरकुरले, पण भैरवी सरताच धोतरं-पँटी झटकत बाहेर पडले.

साहेब पडद्यामागून धावत आले. "बाई, काय केलंत हे? सगळे गेले की."

"सगळं कुटं?" बाईंनी घुंगरं सोडायला घेतली. "भैरवी झाली की घरला जायचं, हे आमच्या शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. तिसऱ्या रांगंत बघा. त्यो अजून पुढच्या लावणीची वाट बघत बसलाय."