कीर्तीचा घास

मोहाडीच्या दुर्गाबाईंच्या जबड्याचं हाड झिजलं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या लेकीची, कीर्तीची, काढलेली अक्कलदाढ शुद्ध करून, तिची पूड त्या जागी भरली. "माय आता माह्याच दातानं जेवून राहिली," असं कीर्ती शेजारणींना हसत सांगायची.

त्याच वर्षी कीर्ती पोटाच्या ऑपरेशनात गेली. आत नेण्याआधी ती म्हणाली होती, "माय, भूक लागली वं. एक घास दे ना." डॉक्टरांची मनाई होती. दुर्गाबाईंनी दिला नाही.

तेरवीनंतरच्या सोमवारी त्या निर्जळी उपासात महादेवापुढे बसल्या होत्या. रिकामा जबडा सावकाश चावू लागला. हातानं दाबूनही थांबेना.

चाळीस वर्षं पाळलेला सोमवारचा उपास त्यांनी मोडला. भाताचा घास तोंडात ठेवला.

"खा, पोरी."

घास उतरला. जबडा थांबला.

मग तोंड आपोआप पुन्हा उघडलं.