पोटातलं पाणी

"जठराच्या पेशीले पाण्याची बारीक दारं असतात," मिनल सांगत होती. "इशारा मिळाला का पेशी ती दारं आत ओढून घेते, अन् पाण्याचं येणं-जाणं कमी होते. हे कसं घडते, त्याच्यावरच माझी पीएचडी आहे."

लग्नाची बोलणी करायला प्रताप नगरात तिच्या घरी आलेले मधुकरराव तर्रीपोहे खाता खाता हसले. "म्हणजे लोकाच्या पोटातलं पाणी पाहून राहिली तू. आमच्या घरी नाही चालन वं हे. लग्न झालं का बंद करा लागन."

मिनलनं त्यांच्या मुलाकडे पाहिलं. 'तुझी पीएचडी पूर्ण करायची जबाबदारी माझी' असं कॉलेजपासून सांगत आलेला साहिल पोह्यांवर लिंबू पिळत होता. मग त्यानं आणखी थोडी तर्री मागितली.

निघताना तो तिच्याजवळ रेंगाळला. "बाबाचं मनावर नको घेऊ. हो सांगू ना घरी?"

"नाही म्हणून सांग," मिनल म्हणाली. "लॅबमध्ये पोटाचे लय नमुने तपासले मी. पण एवढं होऊनही पोटातलं पाणी हललं नाही, असा नमुना आजच पाह्यला."