चौथा फोटो

सुमित्राच्या मोबाइलवरच्या तिसऱ्या फोटोतही भिंतीवर रंगवलेली धरणाच्या वादाची सभा आली, मंत्री आले, माईक आला. फक्त माईकसमोरची तिची आई आली नाही. तिच्या जागी नुसतं आभाळ होतं.

"सरकारच्या बंदीच्या यादीतला चेहरा दिसला की कॅमेरा अख्खा माणूसच पुसतो," सुमित्रा म्हणाली. "आणि पाच वाजता भिंत पाडतायत."

पावणेपाच झाले होते. हे चित्र काढणारे दत्ताराम पेंटर शिडीवर चढले. आठ दिवस खपून रंगवलेल्या आईच्या चेहऱ्यावर त्यांनी काळा ब्रश फिरवला.

"काका, काय करताय?"

चेहऱ्याच्या जागी त्यांनी केस रंगवले, खाली अंबाडा रंगवला. "घे आता."

चौथ्या फोटोत आई आली. मंत्र्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोललेली ती बाई आता कायमची पाठमोरी उभी होती.