या एकदा धायरीला

कोकणातल्या एका निर्जन पुळणीवर तंबूत रात्र काढून निघताना नम्रताने हळदकुंकू लावलेला नारळ समुद्रात सोडला आणि पुणेरी तोंडदेखलेपणाने म्हणाली, “समुद्रराव, या एकदा आमच्या धायरीला.”

तान्ह्या लेकीला छातीशी धरून दत्तप्रसाद हसला. “अगं, पत्ता तरी दे!”

परतल्यावर पहिल्या सकाळी तिसऱ्या मजल्यावरचा त्यांचा उंबरा ओला होता. दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघरात वाळू आली. नळाला तर टिपूस नव्हता.

“पाहुणे आले वाटतं,” दत्तप्रसाद म्हणाला. “रिकाम्या हाती पाठवू नकोस हं.”

आज पाळणा आपसूक झुलत होता, लाट यावी, लाट जावी तसा. नम्रताने ओवी गुणगुणत दुपटं बाजूला सारलं.

लेकीच्या ओल्या कुंचीत तोच नारळ होता. हळदकुंकू अजून ताजं होतं.