मेणाचं ताट

“एका साच्यातून सगळी ताटं का निघत नाहीत?” आरोग्य खात्याच्या मॅडमनी विचारलं.

मेणबुवाने हातातलं गाजर खाली ठेवलं. मेणाची फळं-भाज्या करतो म्हणून गल्लीने त्याला हे नाव ठेवलं होतं. एरवी त्याच्यात बुवासारखं काही नव्हतं, साधी दाढीसुद्धा नव्हती. हा प्रश्न कधी ना कधी येणार, हे त्याला ठाऊक होतं. उत्तरही त्याने घोटून ठेवलं होतं.

खात्याला प्रत्येक दवाखान्यात एक मेणाचं ताट लावायचं होतं. अर्ध्या ताटात भाज्या आणि फळं, उरलेल्यात धान्य, कडधान्यं, एक अंडं आणि मूठभर बदाम-शेंगदाणे. मांस नावालाही नाही. खाली पाटी: ‘तब्येतीला आणि पृथ्वीलाही मानवणारं जेवण. काहीही वाया घालवू नका.’ नमुन्यासाठी लागणारा सगळा माल खातं पुरवणार होतं.

असलं काम खरं तर रबराच्या साच्यात करतात. भाजीला आधी एक तेलकट रसायन फासायचं आणि वर रबर ओतायचं. साचा वर्षानुवर्षं टिकतो, आतली भाजी मात्र फेकून द्यावी लागते. मेणबुवाही आजवर तेच करत आला होता. या वेळी मात्र त्याने दातांचं माप घ्यायची गुलाबी पूड आणली, तीही पदरमोड करून. ती माणसाच्या तोंडातच घालतात, त्यामुळे बाधत नाही. फक्त तिचा साचा एकदाच चालतो. मेण काढलं की फाटतो. म्हणजे पुढच्या ताटाला नवा साचा, आणि नव्या साच्याला पुन्हा ताजी भाजी.

माप घेऊन झालं की ती भाजी तो स्वच्छ धुऊन आत ताईला देत होता.

आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. त्याला वाढून उरेल ते ती खायची, आणि फारसं कधी उरायचं नाही. आता तिचं ऑपरेशन करायचं होतं आणि अंगात रक्तच नव्हतं. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, नीट खा, रक्त वाढल्याशिवाय मी हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काय काय खायचं तेही सांगितलं होतं. येताना दोघं बाजारातून चालत आली. ताईने पालेभाजीच्या जुड्या हातात घेतल्या, भाव विचारला आणि परत ठेवल्या. शेवटी नेहमीसारखे बटाटे आणि पाव घेतले. त्याने पोट भरत होतं. रक्त भरत नव्हतं. आणि त्याच आठवड्यात हे ताटांचं काम आलं.

मेणबुवाने मॅडमना घोटलेलं उत्तर दिलं. रबरात सगळी ताटं एका छापाची निघतील, लोकांना ती खोटी वाटतील. या पुडीत सालीवरची रेघन् रेघ उतरते. हे खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.

पालेभाजीचा पाला तर तुम्ही मेणात बुडवलेल्या कापडाचा करता, मग रोज ताजी जुडी कशाला, असंही त्यांनी विचारलं. रंग जुळवायला, तो म्हणाला. दुपारपर्यंत ती मान टाकते. मॅडमना ते पटलं. त्या निघाल्या आणि दारात थबकल्या.

“आणि माप घेतल्यावर या भाज्यांचं काय करता?”

आत बीट उकडत होतं. वास पार दारापर्यंत आला होता. ताईच्या भांड्यांचा आवाज एकदम थांबला. हे उत्तर काही त्याने घोटलेलं नव्हतं.

“वाया काही घालवत नाही, मॅडम.”

मॅडमचा चेहरा खुलला. पाटीवरचा मजकूर त्यांचाच होता, आणि तो कुणीतरी मनावर घेतल्याचं त्या पहिल्यांदाच बघत होत्या. असं जेवण कुणालाही जमण्यासारखं आहे, फक्त माणसाची इच्छा हवी, असं त्यांनी त्याला उंबऱ्यात उभं राहून समजावलं. मेणबुवाने मान डोलावली. त्या गेल्यावर त्याने खाली ठेवलेलं गाजर पुन्हा हातात घेतलं.

काम चालू राहिलं. ताईच्या नखांवर हळूहळू गुलाबी रंग चढला, जिना चढताना लागणारा दम कमी झाला. मग एके दिवशी शेवटचं ताट टेम्पोत चढलं. संध्याकाळी घरात बटाटे आणि पाव आले.

तपासणीला दोघं दवाखान्यात गेली, तेव्हा त्यातलंच एक ताट डॉक्टरांच्या मागे भिंतीवर लागलेलं होतं. रिपोर्ट बघून डॉक्टर खूश झाले. ऑपरेशनची तारीखही दिली. मग त्यांनी ताटाकडे बोट दाखवलं.

“हे असंच खात राहायचं, ताई. ऑपरेशननंतर तर जास्तच. आता सोडायचं नाही.”

ताटात दोन पाय फुटलेलं एक गाजर होतं. ओळखीचं माणूस भेटावं तशी ताई त्याच्याकडे बघून हसली. मग तिने भावाकडे पाहिलं. तो उघड्या दारातून बाहेरच्या जिन्याकडे बघत होता.

“डॉक्टर,” मेणबुवाने विचारलं, “वरच्या मजल्यावर लागेल का हो आणखी एखादं ताट?”