मुलगी मिळाल्याची पोच

आखातात घरकामाची नोकरी लावून देतो म्हणून बन्सीलाल एजंटानं शेवंताला नेलं आणि तिकडं परस्पर विकून टाकलं. तिच्या आईनं, कौसल्येनं, नागपूरच्या कचेरीत त्याच्या नावानं तक्रार दिली. तीन वर्षं ज्यानं त्यानं तिला पुढच्या टेबलावर हाकललं. घडी करकरून फाटलेली तक्रारीची नक्कल कनवटीला बाळगता बाळगता त्या अडाणी बाईला त्यातलं एजंटाचं एवढं एकच नाव वाचता यायला लागलं.

आज मात्र साहेबांनी चक्क खुर्ची दिली. "पेढे आणा, बाई! तुमच्या पोरीसाठी दोन देशांची सरकारं कामाले लागली होती. मंगळवारीच मुंबईले विमानातून उतरली ती."

"मंग घरी काहून नाही आली, साहेब?"

"विमानतळावरच बापाच्या ताब्यात दिली ना! पासपोर्टावर बाप म्हणून ज्याचं नाव, त्याचीच सही घेतली. सारं कसं नियमानं. ही पाहा पोच."

"तिचा बाप मरून नऊ वर्षं झाली!" कौसल्येनं कागद हिसकला.

 

खालची सही तिला कोणी वाचून दाखवावी लागली नाही.

बन्सीलाल.